रियाजाला बसवत नाही, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय 31, पुण्यात आयटीत नोकरी. नवव्या वर्षी तबला सुरू केला, मध्यमा ही मधली परीक्षा पूर्ण झाल्यावर कॉलेजच्या गडबडीत सुटला. दोन वर्षांपूर्वी पुन्हा क्लास लावला, आता विशारद ही त्यापुढची परीक्षा करायचं मनात आहे. ‘तीन-चार दिवस रियाज जोरात होतो, मग पंधरा-पंधरा दिवस तबल्याला हात लागत नाही. आवड आहे, वेळही काढता येईल, पण बसवत नाही. हुरूप टिकत नाही. स्वतःला शिस्त कशी लावू?’

मी 27 वर्षं डोंबिवलीत तबला शिकवतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शाळेतली मुलं निम्मी आणि नोकरी करणारी मोठी माणसं निम्मी. त्या निम्म्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी हाच प्रश्न विचारला आहे. सुरुवातीची दहा वर्षं मी सगळ्यांना एकच सांगायचो, ‘मन लावून करा, निश्चय करा.’ त्याचा कुणालाही उपयोग झाला नाही. कळत सगळ्यांना होतंच, वळत नव्हतं. मग मी विचारायला लागलो की न बसलेल्या दिवशी नेमकं काय झालं, किती वाजता, कुठे. ती उत्तरं ऐकून माझं मत बदललं. तुम्ही ज्याला शिस्त नसणं म्हणता आहात, ते बहुतेक वेळा काही ठरलेलं नसणं असतं.

तुमची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. साडेनऊला जेवण झालं. रियाज करायचा आहे हे डोक्यात आहे. तबला कपाटावर, बॅगेत. बॅग काढायची, चेन उघडायची, चुंबळ काढून ठेवायची, डग्गा लावायचा. एक थाप मारली तर तबल्याचा सूर उतरलेला. हातोडी शोधायची, बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, दहा-पंधरा मिनिटं त्यात. मग फोनवर लेहरा (ताल दाखवत फिरत राहणारी धून) लावायचा, तर फोन उघडताच ऑफिसच्या ग्रुपवर सात मेसेज. ते बघून झाल्यावर प्रश्न, आज काय वाजवू? गेल्या आठवड्यात सरांनी दिलेला रेला, म्हणजे जलद बोलांची रचना? की परीक्षेचा रूपक ताल? की जुना कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची बांधीव रचना, साफ करू? इथपर्यंत पोचलेल्या माणसाला बसवत नाही यात नवल नाही. त्यानं अजून एकही बोल वाजवलेला नाही आणि सात-आठ निर्णय घेऊन तो थकला आहे. दिवसभर ऑफिसात निर्णयच घेत होता, त्यात ही भर. त्याला मी आळशी म्हणणार नाही.

म्हणून पहिलं काम हे: उद्या काय वाजवायचं ते आज लिहून ठेवा. ‘रियाज करणे’ असं लिहू नका, बोल लिहा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली ओळ सांगतो, कारण ती मला फार आवडते: ‘धाधातिट धाधातूना, तीनताल, दुगुन, लय 80, दहा मिनिटं. ति वाजतो, ट दबतो. तर्जनीकडे लक्ष.’ एवढंच. या ओळीत सगळं आलं. बसल्यावर विचार करायला काही उरत नाही, हात टाकायचा आणि सुरू करायचं.

आणि दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर हिशोब करा. मेट्रोनोम 80 वर, म्हणजे मिनिटाला 80 मात्रांवर असेल तर तीनतालाचं 16 मात्रांचं आवर्तन, म्हणजे एक फेरी, 12 सेकंदांत होतं. दहा मिनिटांत 50 आवर्तनं. दुगुनीत, म्हणजे दुप्पट गतीत, हा कायदा एका आवर्तनात दोनदा येतो, म्हणजे दहा मिनिटांत तो शंभर वेळा वाजला. शंभर वेळा जर तुमचं लक्ष त्या एका ‘ट’वर असेल, तर पंधरा दिवसांत तो ‘ट’ उघडतो. तासभर इकडचं-तिकडचं वाजवून तो उघडत नाही, हे मी शेकडो हातांवर पाहिलं आहे.

रियाज संपला की त्याच वहीत दुसरी ओळ लिहायची: आज कुठे अडलं आणि उद्या कुठून सुरू करायचं. उठण्यापूर्वी, तबल्यावर कपडा टाकायच्या आधी. त्या क्षणी हात गरम असतो, चूक बोटांत ताजी असते आणि उद्याचं ठरवायला अर्धं मिनिट पुरतं. तेच काम दुसऱ्या दिवशी रात्री थकल्यावर करायला गेलात तर वीस मिनिटं लागतात आणि बऱ्याचदा होतच नाही. किती वेळ वाजवलं याची नोंद ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण वेळेपेक्षा अडलेली जागा महत्त्वाची. नुसत्या मिनिटांची बेरीज करणारे विद्यार्थी महिन्याभरात वही बंद करतात, कारण बेरीज कमी दिसली की अपराधी वाटतं. अडलेल्या जागा लिहिणाऱ्याला उद्याचं काम मिळतं.

दुसरं, तबला बॅगेतून कायमचा बाहेर काढा. घर लहान आहे, जागा नाही, लहान मूल आहे, सगळं मान्य. तरी एक कोपरा काढा. दोन फूट बाय तीन फूट पुरतो. जोडी चुंबळीवर मांडलेली, वर सुती कपडा, शेजारी हातोडी, पावडरचा डबा आणि वही. लेहऱ्यासाठी घरातला जुना, सिम नसलेला फोन वापरा, त्यात लेहरा आणि मेट्रोनोम सोडून काही ठेवू नका. मी पालकांना सांगतो की मुलाला रागवायच्या आधी तबला कपाटावरून खाली काढा. यातल्या निम्म्या घरांत नंतर रागवायची वेळ आलेली नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकी ओल असते की डग्ग्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, घुमारा जातो, तबला सकाळी लावला तर संध्याकाळी उतरतो. रियाज सुटण्याचा सगळ्यात मोठा हंगाम हाच, गणपतीपेक्षाही मोठा. कारण सबब खरी असते. उतरलेल्या तबल्यावर वाजवू नये, कान बिघडतो, हे आपल्या सगळ्यांच्या गुरूंनी सांगितलेलं आहे आणि ते बरोबर आहे. मग त्या दिवशी पढंत करा, म्हणजे बोल तोंडानं म्हणा. हातावर ताल धरून तोच कायदा, तेच पलटे (कायद्याचे विस्तार), त्याच लयीत, मोठ्यानं. पढंतीत जी जागा अडखळते ती हातातही अडखळतेच, म्हणून हा वेळ वाया जात नाही. माझ्याकडे एक बँकेत काम करणारे गृहस्थ येतात. त्यांचा पावसाळ्यातला रियाज लोकलमध्ये होतो, मांडीवर बोटं, ओठांत बोल. त्यांची तिहाई (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा) कधी समेवर चुकत नाही.

सोसायटीत शेजाऱ्यांचा त्रास ही अशीच दुसरी खरी अडचण. पहाटे सहाला तबला वाजवलात तर तक्रार येणारच. पातळ पंचा पुडीवर घालून वाजवा, पण फक्त तिट, तिरकिट अशी बोटांची कामं. ना, तिं, धा यांचा नाद पंचाखाली कळत नाही आणि हाताला चुकीची सवय लागते, त्यांच्यासाठी शनिवार-रविवारची सकाळची दहाची वेळ ठेवा.

वेळ कोणती, हे सगळे विचारतात. पहाटेची वेळ उत्तम हे खरं, पण ज्याला सात-दहाची लोकल पकडायची आहे त्याला पहाटेचं व्याख्यान देऊन काय होणार? मी घड्याळाची वेळ द्यायचं सोडून दिलं. त्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला रियाज बांधायचा. ते बँकेतले गृहस्थ घरी आले की हातपाय धुतात, चहा पितात आणि कप विसळून ठेवला की तबल्यापाशी बसतात. कप विसळणं हीच त्यांची घंटा. एक विद्यार्थिनी परिचारिका आहे, तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. तिला ‘रोज रात्री नऊ’ सांगणं म्हणजे दर तिसऱ्या दिवशी हरायला सांगणं. तिनं ठरवलं की ड्यूटीवरून आल्यावर युनिफॉर्म धुवायला टाकला की पंधरा मिनिटं. सकाळ असो, दुपार असो, रात्र असो. रात्री पढंत. तिचं चौथं वर्ष चालू आहे. तुम्ही घरून काम करता की ऑफिसला जाता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण लॅपटॉप मिटणं ही गोष्ट तुमच्या दिवसात नक्की असणार. लॅपटॉप मिटला की तबला, आणि त्या दोन्हींच्या मध्ये सोफा येऊ द्यायचा नाही.

आता हुरुपाबद्दल. तुम्ही म्हणता तो टिकत नाही. तो टिकत नसतोच, कुणाचाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पश्चिम बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, अशी जी गोष्ट सांगितली जाते तिचं मूळ तिथे आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुधारण्यासाठी सगळ्यात गरजेचं काय, असं विचारल्यावर त्या मुलांनी एकट्यानं केलेला रियाज सगळ्यात वर ठेवला. आनंद कशात मिळतो, असं विचारल्यावर मात्र तो वर नव्हता. म्हणजे जगातल्या उत्तम वादकांत जाऊन बसणाऱ्या मुलांनाही रियाजाला बसताना उकळ्या फुटत नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मोठ्या कलाकारांच्या रियाजाच्या गोष्टी अशा रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटतं, ज्याला बसावंसं वाटत नाही त्याच्यात काहीतरी खोट आहे. तसं नाही. माझा अनुभव असा की हुरूप बसल्यावर येतो, साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला. बोटं सैल होतात, डग्ग्याची घुमक मनासारखी येते आणि उठावंसं वाटत नाही. तो आधी येईल म्हणून वाट बघत बसलो तर ती सहा मिनिटं सुरूच होत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वयाच्या 38व्या वर्षी माझा स्वतःचा रियाज पूर्ण थांबला होता. दिवसाला सहा तास शिकवत होतो आणि शिकवणं हाच रियाज अशी समजूत करून घेतली होती. एका घरगुती बैठकीत एका गायिकेच्या साथीला बसलो. विलंबित एकताल नीट गेला. द्रुत तीनतालात लय चढली आणि माझा हात भरून आला. ‘ना’ची धार गेली, अनामिका पुडीवरच्या काळ्या शाईवरून उचलली जायला लागली. त्यांनी माझ्याकडे न बघता लय एक पायरी खाली घेतली आणि तशीच शेवटपर्यंत ठेवली. नंतर त्या त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारची बॅच यायच्या आधी पंधरा मिनिटं मी खोलीचं दार लावून घ्यायला लागलो. साधा तीनतालाचा ठेका, मग ना धिं धिं ना, मग एक कायदा. पहिले दोन महिने त्यात गोडी अजिबात नव्हती. आज 15 वर्षांनंतरही चारच्या आधीची ती पंधरा मिनिटं मी कुणाला देत नाही. आता त्यांची ओढ लागली आहे, पण सुरुवातीला ती नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं.

तुमच्या पत्रातला एक शब्द मात्र मला सगळ्यात जास्त खटकला: ‘जोरात’. तुमचा खंड त्या जोरातल्या तीन-चार दिवसांतच तयार होतो. शनिवारी हात छान चालतो म्हणून अडीच तास वाजवता. रविवारी पुन्हा दोन तास. सोमवारी मनगट जड, ऑफिस आठ तास, आणि डोक्यात रियाज म्हणजे अडीच तास असं समीकरण बसलेलं. सोमवारी अडीच तास शक्य नाहीत, मग पंधरा मिनिटांना काय अर्थ, म्हणून शून्य. मंगळवारीही शून्य. नव्याचे नऊ दिवसही पुरे होत नाहीत.

यावर माझा नियम आहे आणि तो पाळून घेणं मला कधीच सोपं गेलेलं नाही: पहिले दोन महिने 25 मिनिटांच्या वर जायचं नाही. हात कितीही चांगला चालत असला तरी गजर झाला की उठायचं. ‘अजून थोडं वाजवायचं होतं’ ही रुखरुख घेऊन उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून येतो. आणि दुसऱ्या टोकाला, कितीही वाईट दिवस असला तरी पाच मिनिटं. ताप असेल तर सूट, बाकी नाही. पाच मिनिटं म्हणजे तबल्यावरचा कपडा काढणं, 60 च्या लयीत ठेका, एका कायद्याचं मुख (मूळ ओळ) आणि कपडा परत.

चिल्ल्याबद्दल बरेच जण विचारतात. 40 दिवस जगापासून दूर राहून फक्त रियाज करायचा, ही परंपरा खरी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ज्यांनी चिल्ला केला त्यांचा हात आधीच वर्षानुवर्षांच्या रोजच्या रियाजानं बांधलेला होता, आणि घरचं कुणीतरी दोन वेळचं जेवण समोर आणून ठेवत होतं. दोन वर्षांचा तुटक रियाज असणाऱ्यानं रजा काढून रोज आठ तास वाजवायला घेतले तर चौथ्या दिवशी मनगट सुजतं. असे दोघे जण माझ्याकडे आले आहेत. एकाला तीन महिने तबला बंद ठेवावा लागला.

सवय 21 दिवसांत लागते, हेही ऐकलं असेल. ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 जणांनी रोज एक नवीन गोष्ट करायची ठरवली आणि 12 आठवडे नोंद ठेवली. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवसच पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशोब 254 दिवसांपर्यंत गेला. म्हणून बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर ‘मला जमत नाही’ असं ठरवू नका. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो, एक दिवस चुकला तर वहीत काहीच लिहू नका, सोडून द्या. लागोपाठ दुसरा दिवस मात्र चुकू देऊ नका. त्या दिवशी पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं.

कधीकधी बसवत नाही याचं कारण वेगळं असतं, तेही तपासा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर शरीर तुम्हाला थांबवत आहे. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. फक्त तबलाच नाही, तर आवडीचं काहीच नकोसं झालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तरीही डॉक्टरांकडेच जा. तिथे शिस्तीचा प्रश्न नाही आणि स्वतःला दोष देण्यात अजिबात अर्थ नाही. तिसरी शक्यता साधी आहे, दिलेली रचना तुमच्या हाताच्या पुढची आहे. धिरधिरचा रेला तळहात तयार नसताना दिला तर कुणाचाही उत्साह मरेल. सरांशी बोला, त्यांना अडलेली जागा वाजवून दाखवा. चांगला शिक्षक रागवत नाही, तो एक पायरी खाली उतरून देतो.

आता तुमच्यापुरतं. विशारदचा अभ्यासक्रम पुढचे दोन महिने बाजूला ठेवा. परीक्षेचा विचार आला की तालांची यादी डोळ्यांसमोर येते आणि पुन्हा ‘आज काय वाजवू’ सुरू होतं. एक तीनताल, एक कायदा, चार पलटे, एक तिहाई, एवढंच. पंधरा दिवसांच्या खंडानंतर बसाल तेव्हा ज्या लयीवर सोडलं होतं तिथून सुरू करू नका. 90 वर सोडलं असेल तर 60 वर या. 90 वर पहिल्याच आवर्तनात हात अडखळतो, ‘सगळं गेलं’ असं वाटतं आणि पुढचा खंड तिथेच सुरू होतो. 60 वर दहा आवर्तनं स्वच्छ निघाली की 64, मग 68. चार-पाच दिवसांत हात बहुतेक पूर्वीच्या जागेवर येतो.

आज रात्री वाजवू नका. बॅग खाली काढा, जोडी मांडा, गठ्ठे ठोकून सुरात आणा, कपडा टाका. वहीच्या पहिल्या पानावर उद्याचा कायदा, लय आणि ज्या बोटाकडे लक्ष द्यायचं ते बोट, एवढं लिहा. उद्या लॅपटॉप मिटला की ते पान उघडा. पंधरा दिवसांनी वहीतल्या अडलेल्या जागा मला लिहून पाठवा, पुढचं त्या बघून सांगतो.